पॉवर सीट अडली की दोष नेमका कुठे शोधायचा

ड्रायव्हर सीटच्या बाजूचं बटण दाबलं आणि सीट जागची हलली नाही, की अनेक गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "स्विच गेलाय, बदलून बघू." स्विच बदलून काम झालं नाही तर मोटर. मोटर बदलूनही नाही झालं तर "वायरिंगचा प्रॉब्लेम आहे, वेळ लागेल." या "बदलून बघू"चा सगळा खर्च गाडीच्या मालकाच्या खिशातून जातो. आणि पुष्कळदा असं निघतं की स्विचही ठीक होता, मोटरही ठीक होती, फक्त सीटखालच्या एका कपलरमधली (वायरी जोडणाऱ्या प्लगमधली) एक पिन गंजली होती.

पॉवर सीटचं सर्किट हे गाडीतल्या सगळ्यांत सरळ सर्किटांपैकी एक आहे. ते एकदा डोक्यात नीट बसलं, की सीट काय करते आणि काय करत नाही यावरूनच दोष साधारण कुठे आहे ते कळतं. क्रेटा, सेल्टॉस, हॅरियर अशा गाड्यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये पॉवर सीट आता नेहमीची झाली आहे. त्यामुळे हा प्रश्न फक्त महागड्या परदेशी गाड्यांपुरता राहिलेला नाही. मी इथे मुख्यतः मेमरी (सीटची ठरवलेली जागा लक्षात ठेवण्याची सोय) नसलेल्या साध्या पॉवर सीटबद्दल लिहितो आहे. मेमरीवाल्या सीटकडे शेवटी थोडक्यात येईन.

सहा दिशांची सीट म्हणजे तीन मोटर, आठ दिशांची म्हणजे चार. एक मोटर सीट पुढेमागे सरकवते, एक पाठ कलवते, आणि उरलेल्या एक किंवा दोन उंची सांभाळतात. प्रत्येक मोटर साधी १२ व्होल्टची डीसी मोटर असते आणि तिला दोनच वायर असतात. एका वायरला प्लस आणि दुसरीला अर्थ (बॅटरीची निगेटिव्ह बाजू) दिला की ती एका दिशेने फिरते. तेच उलटं केलं की उलट फिरते. हे उलटसुलट करण्याचं काम स्विच करतो.

स्विचच्या आत काय होतं ते समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. बटण सोडलेलं असताना मोटरच्या दोन्ही वायर स्विचमधून अर्थला जोडलेल्या असतात. बटण पुढे ढकललं की त्यांतली एक वायर अर्थपासून सुटते आणि बॅटरीच्या प्लसला जोडली जाते. दुसरी अर्थवरच राहते. बटण मागे ओढलं की आता दुसरी वायर प्लसला जाते आणि पहिली अर्थवर राहते. म्हणजे मोटरच्या दोन्ही वायर दोन्ही दिशांना वापरल्या जातात, फक्त त्यांच्या भूमिका बदलतात. स्विचला स्वतःला येणारा करंट फ्यूजमधून किंवा सर्किट ब्रेकरमधून येतो, आणि बहुतेक गाड्यांत तो थेट बॅटरीवरून असतो. म्हणूनच अनेक गाड्यांची सीट चावी न फिरवताही हलते. काही गाड्यांत मात्र इग्निशन सुरू असावं लागतं किंवा दार उघडल्यानंतर काही वेळच सीट चालते. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. नाहीतर नसलेला दोष शोधत बसाल.

आता लक्षणांकडे येऊ. समजा सीट पुढे जाते पण मागे येत नाही. फ्यूज गेला असेल का? नाही, कारण पुढे जाताना करंट त्याच फ्यूजमधून आला. मोटर गेली असेल का? नाही, ती एका दिशेने फिरते आहे, आणि कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेली किंवा वाइंडिंग (तांब्याच्या तारेचं वेटोळं) जळलेली मोटर दिशा पाहून निवड करत नाही. मोटरची वायर तुटली असेल का? तेही नाही, कारण पुढे जाताना दोन्ही वायरमधून करंट वाहिला. मुख्य अर्थही ठीक आहे, कारण तोही पुढे जाताना वापरला गेला. उरलं काय? स्विचच्या आतले मागच्या दिशेचे कॉन्टॅक्ट. एकही कव्हर न उघडता, नुसता विचार करून आपण इथपर्यंत आलो. फक्त एक खात्री करून घ्यायची : सीट आधीच रेलच्या (ज्या पट्टीवर सीट सरकते तिच्या) टोकाला पोचलेली नाही ना, आणि मागे पिशवी, छत्री किंवा पाण्याची बाटली अडकलेली नाही ना. या एका लक्षणात "स्विच गेलाय" हे निदान बरोबर आहे, आणि मला वाटतं स्विचवरचा सार्वत्रिक संशय इथूनच आला असावा. बाकी लक्षणांना तो तसाच लागू होत नाही.

एकही मोटर कोणत्याच दिशेला चालत नसेल तर चित्र पूर्ण वेगळं असतं. तीनचार मोटर एकाच दिवशी जळत नाहीत. दोष सगळ्यांना समान असलेल्या वाटेवर शोधायचा : फ्यूज, ब्रेकर, सीटखालचा मुख्य कपलर, किंवा अर्थ. एकच मोटर दोन्ही दिशांना मेलेली असेल, तर ती मोटर, तिच्या दोन वायर, किंवा स्विचचा तेवढा भाग, एवढंच तपासायचं.

आवाजही ऐका. गाडी शांत ठिकाणी उभी करा, रेडिओ आणि एसी बंद ठेवा, आणि बटण दाबताना कान सीटजवळ न्या. मोटर फिरल्याचा घूं आवाज येतो पण सीट हलत नाही, तर वीज पोचली आहे. दोष गिअरमध्ये किंवा मोटरपासून रेलपर्यंत फिरणाऱ्या लवचिक केबलमध्ये आहे. अनेक सीटमध्ये एकच मोटर अशा दोन केबलने डाव्या आणि उजव्या दोन्ही रेलला फिरवते. त्यांतली एक निसटली की सीट एका बाजूने ओढली जाते, तिरकी होते आणि अडते. आवाज जड आणि दबका येत असेल, तर एक तर मोटरला पुरेशी वीज मिळत नाही किंवा रेल कुठेतरी घासते आहे. या दोनांत फरक कसा करायचा ते खाली सांगतो.

सीट काही सेकंद चालते, थांबते, आणि दोन मिनिटांनी पुन्हा चालते, ही तक्रार लोकांना फार गोंधळात टाकते. हे बहुधा सर्किट ब्रेकरचं काम असतं. फ्यूज एकदा उडाला की उडाला, पण आपोआप जुळणारा ब्रेकर करंट जास्त झाला की तापून उघडतो आणि थंड झाला की पुन्हा जुळतो. काही मोटरमध्येही असंच संरक्षण आत बसवलेलं असतं. ब्रेकर त्याचं काम करतो आहे, तो बदलून काही साधणार नाही. मोटर इतका करंट का ओढते आहे ते शोधायचं, आणि कारण बहुतेकदा रेलमध्ये सापडतं : वाळलेलं ग्रीस, वाळू, नाणं, पेनाचं टोपण.

मीटर हातात घेण्याआधी सुरक्षेचं. सीटखाली पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळं वेष्टण असलेली वायर दिसली, तर ती एअरबॅगची किंवा सीटबेल्ट क्षणात ताणणाऱ्या यंत्रणेची आहे असं समजा. साइड एअरबॅग पुष्कळदा सीटच्या पाठीतच असते. त्या वायरीला टेस्ट लॅम्प (वीज आहे का ते दाखवणारा वायर लावलेला दिवा) लावायचा नाही आणि मल्टीमीटरने तिचा रेझिस्टन्सही मोजायचा नाही, कारण थोड्याशा करंटनेही आतला स्फोटक भाग पेटू शकतो. पिवळा कपलर काढायचाच असेल, तर इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, कारण बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये (ती चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यात) चार्ज काही काळ साठून राहतो. माझा आग्रह असा की शक्यतो पिवळ्या कपलरला हातच लावू नका. सीटचे बोल्ट काढून ती थोडी मागे कलवली तर बहुतेक सगळ्या चाचण्या तो जोडलेला असतानाच होतात. कलवताना त्या वायरीवर ताण येणार नाही एवढं पाहायचं.

आता मोजणी. सुरुवात फ्यूजपासून. पॉवर सीटचा फ्यूज साधारण २० ते ३० अँपिअरचा असतो. पात्याच्या फ्यूजमध्ये पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा. फ्यूज बाहेर काढून डोळ्यांनी पाहण्यापेक्षा तो जागेवर असतानाच त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांवर टेस्ट लॅम्प लावा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठीक. एकाच टोकाला लागला तर उडाला आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा वायरचा तुकडा कधीही घालू नका. त्यानंतर फ्यूजचं काम वायर करू लागते, आणि ती वायर तुमच्या बसण्याच्या फोमखालून गेलेली असते. नवा फ्यूज पुन्हा लगेच उडाला, तर कुठेतरी वायरची साल निघून ती सीटच्या लोखंडाला टेकते आहे.

फ्यूज ठीक असेल तर स्विचच्या कपलरपाशी जा. तो जोडलेलाच ठेवायचा आणि मीटरची बारीक पिन मागच्या बाजूने, वायर जिथून आत जाते तिथून सरकवायची. समोरून जाड पिन खुपसली की आतलं टर्मिनल फाकतं, आणि मूळ दोषात एक नवीन लूज कॉन्टॅक्ट आपणच घालून ठेवतो. मीटरची काळी पिन शक्य असेल तर थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. लाल पिन प्लसच्या वायरवर : १२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मग लाल पिन स्विचच्या अर्थच्या वायरवर ठेवा आणि बटण दाबून धरा. इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. ०.२ व्होल्टपर्यंत चालतं.

इथे जर बटण दाबल्यावर जवळपास १२ व्होल्ट दिसले, तर दोष सापडला. अर्थची वायर पुढे कुठेतरी तुटली आहे. प्लसचं व्होल्टेज मोटरमधून अर्थच्या पिनपर्यंत पोचलं, पण करंटला पुढे जायला वाट नाही. करंट वाहत नाही म्हणून मोटरमध्ये व्होल्टेज खर्च होत नाही, आणि बॅटरीचे सगळे व्होल्ट त्या अर्थच्या पिनवर येऊन थांबतात. ही एक मोजणी न केल्यामुळे किती चांगले स्विच भंगारात गेले असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं.

यानंतर मोटरचा कपलर. मीटरच्या दोन पिना मोटरच्या दोन वायरींवर लावायच्या. बटण पुढे : अधिक १२. बटण मागे : उणे १२. बटण सोडलं : शून्य. तिन्ही आकडे मोटर जोडलेली असताना आले आणि तरीही मोटर गप्प आहे, तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या पुढच्या गिअरमध्ये. एकाच दिशेला आकडा आला तर स्विच.

"मोटर जोडलेली असताना" या शब्दांवर मी जोर देतो, कारण सर्वांत जास्त फसगत इथे होते. कपलर काढून मीटर लावला, पूर्ण १२ व्होल्ट दिसले, आणि "वीज तर येतेय, म्हणजे मोटर गेली" असा निकाल दिला जातो. पण मीटर वायरमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला करंट एक मायक्रोअँपिअरच्या थोडा वर. वायरचे सगळे तार तुटून एकच उरला असेल, किंवा पिनवर हिरवा थर चढला असेल, तरी एवढा करंट आरामात जातो. फांदीवर चिमणी बसली म्हणून ती माणसाचं वजन पेलेल असं होत नाही. मोटरला काही अँपिअर लागतात. समजा मोटर ८ अँपिअर ओढते आणि गंजलेल्या पिनचा रेझिस्टन्स अर्धा ओहम आहे. ८ गुणिले ०.५ म्हणजे ४ व्होल्ट त्या पिनवरच संपले. मोटरला उरले ८, आणि ती कण्हत फिरणार किंवा फिरणारच नाही. अर्धा ओहम साध्या मीटरवर नीट दिसतही नाही. तो करंट वाहतानाच पकडता येतो.

म्हणून मीटरइतकाच जुन्या वायरमनचा टेस्ट लॅम्प उपयोगी आहे. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट घेतो, हेडलाइटचा ५५ वॉटचा साडेचार. मोटरचा कपलर काढून तिथे हेडलाइटचा बल्ब जोडा आणि बटण दाबा. लख्ख पेटला तर मागचं सगळं वायरिंग आणि स्विच भार पेलतो आहे. मंद, पिवळट पेटला तर वाटेत कुठेतरी व्होल्टेज गळतं आहे. मग प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांना मीटर लावून, बटण दाबून, कुठे किती व्होल्ट हरवतात ते पाहत जायचं. कपलरच्या अलीकडे आणि पलीकडे, स्विचच्या आत आणि बाहेर. आकडा जिथे मोठा, दोष तिथे.

जड, दबक्या आवाजामागे वीज कमी आहे की रेल घासते आहे, हा वरचा फरकही इथेच कळतो. क्लॅम्प मीटर असेल तर मोटरच्या एका वायरभोवती लावा, मात्र तो डीसी करंट मोजणारा हवा, घरच्या विजेचा साधा चालत नाही. मोटर अडली आहे, व्होल्टेज नीट पोचतं आहे आणि करंट खूप जास्त आहे : यांत्रिक अडथळा. मोटर मंद आहे, व्होल्टेज कमी आहे आणि करंटही कमी : वायरिंगमध्ये रेझिस्टन्स. व्होल्टेज पूर्ण आणि करंट शून्य : मोटरच्या आत कार्बन टेकत नाही किंवा वाइंडिंग तुटलं आहे.

मग ही वायर बिघडते कुठे? जवळजवळ नेहमी सीटच्या खालीच. गाडीच्या बाकीच्या वायरी एकदा बसवल्या की जागच्या हलत नाहीत, ही मात्र सीटबरोबर रोज पुढेमागे होते आणि त्याच दोन जागी वाकते. बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं. अशी वायर दोन चिमटींत धरून हलकेच ताणली, तर तुटलेल्या जागी ती रबरासारखी लांबते. चांगली वायर लांबत नाही. बल्ब जोडून ठेवायचा, एकाने बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने हार्नेस (वायरींचा जुडगा) इंचाइंचाने हलवत जायचं. दिवा जिथे लुकलुकला, तिथेच टेप उघडा.

दुसरा शत्रू पाणी. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने ओले बूट, ओल्या छत्र्या आणि दमट हवा यांनी गाडीचं कार्पेट वाळतच नाही, आणि किनाऱ्याजवळ हवेत मीठ असतं. पण कोरड्या गावातही कार्पेट भिजतं, कारण एसीच्या पाण्याची नळी तुंबली की ते पाणी डॅशबोर्डखालून आत उतरतं. सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या तुंबल्या तरी तेच. सीटचा मुख्य कपलर बऱ्याच गाड्यांत थेट कार्पेटवर किंवा त्याच्या खाली असतो. तो उघडल्यावर पिनांवर हिरवट पांढरा थर दिसला, तर आधी कार्पेटचं पुठ्ठ्यासारखं अस्तर दाबून पाहा. ते ओलं असेल तर पाणी कुठून येतं ते आधी बंद करा. नाहीतर साफ केलेला कपलर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तसाच सापडेल. ज्या गाडीच्या केबिनमध्ये पुराचं पाणी शिरलं होतं, तिच्यात सीटचा प्रत्येक कपलर उघडून पाहिल्याशिवाय सेकंडहँड सौदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हलका थर कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि बारीक ब्रशने निघतो. पिन काळी पडून खड्डे पडले असतील किंवा कपलरचं प्लॅस्टिक वितळलं असेल, तर टर्मिनल बदलायचं. तुटलेली वायर जोडताना तेवढ्याच जाडीची वायर वापरा, आणि अनेक वायरी जोडायच्या असतील तर सगळे जोड एकाच जागी आणू नका. वाकणाऱ्या भागात मी सोल्डरपेक्षा चांगला क्रिम्प (पकडीने दाबून केलेला जोड) आणि त्यावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी पसंत करतो. सोल्डर तारांमध्ये शिरून वायर कडक करतो, आणि मग ती त्या कडक भागाच्या कडेलाच पुन्हा तुटते.

सीट अशा जागी अडली की तिचे बोल्टच झाकले गेले, तर काय? सीट पूर्ण मागे असेल तर मागचे बोल्ट दिसत नाहीत, पूर्ण पुढे असेल तर पुढचे. सीट खेचू नका, रेलवर हातोडाही मारू नका. खालून हात घालून सरकवणाऱ्या मोटरचा कपलर काढा आणि मोटरच्या दोन टर्मिनलला फ्यूज लावलेल्या वायरीने थेट १२ व्होल्ट द्या. ती मोटरचीच टर्मिनल आहेत आणि तिथे पिवळं काही नाही, हे दोनदा पाहून घ्या. मोटर फिरली तर बोल्टही मोकळे होतात आणि मोटर चांगली आहे हेही त्याच वेळी कळतं. उलट दिशा हवी असेल तर दोन वायरी अदलाबदल करा.

मेमरी असलेल्या सीटमध्ये वरचा थेट वायर लावण्याचा प्रयोग मॅन्युअल पाहिल्याशिवाय करू नका. तिथे स्विच मोटरला करंट देत नाही, फक्त मॉड्यूलला इशारा देतो, आणि मोटर मॉड्यूल चालवतं. मोटरवर बहुतेकदा हॉल सेन्सर असतो. तो फिरण्याचे पल्स मोजून सीट कुठे आहे ते मॉड्यूलला सांगतो. पल्स आले नाहीत तर मोटर अडली असं समजून मॉड्यूल तिला बंद करतं. म्हणून "सीट थोडीशी हलते आणि थांबते" या तक्रारीत मोटरइतकाच सेन्सर आणि त्याची वायरही तपासायची. इथे स्कॅनर (गाडीच्या मॉड्यूलमधली माहिती वाचणारं यंत्र) खरा कामाला येतो. लाइव्ह डेटा उघडून बटण दाबायचं. स्क्रीनवर बटणाची नोंद बदलली तर स्विच आणि त्याची वायर ठीक आहे, दोष मॉड्यूलमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर सीट दोन्ही टोकांपर्यंत नेऊन पुन्हा शिकवावी लागते. तोवर मेमरीची बटणं काम करत नाहीत, आणि तो बिघाड नसतो.

सीट परत बसवताना बोल्ट अंदाजाने आवळू नका. अपघातात तुम्हाला जागेवर धरून ठेवणारा सीटबेल्टचा बकल बहुतेक गाड्यांत सीटलाच जोडलेला असतो, त्यामुळे मॅन्युअलमधला टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा ते माप) पाळा. हार्नेस सीटच्या हलणाऱ्या चौकटीला बांधा, रेलला नाही, आणि सीट दोन्ही टोकांना नेली तरी वायर ताणली जाणार नाही एवढी सैल ठेवा. सगळे कपलर, पिवळेसुद्धा, जोडून झाल्यावरच बॅटरी जोडा आणि मग इग्निशन सुरू करा. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो विझला नाही, तर सीट कितीही छान हलत असली तरी गाडी रस्त्यावर काढण्याआधी तो कपलर पुन्हा तपासा.